गरज सरो, हवालदार मरो?

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसलेली आहे. दुखणं बरं झालं की वैद्याला कोण विचारतो, असा तिचा साधा अर्थ. मंडळाच्या स्मरणिकेसाठी या वर्षी काय लिहावं याचा विचार करत होतो, तेव्हा ही म्हण सारखी आठवत होती. फरक एवढाच, की वैद्याच्या जागी मला हवालदार दिसत होता. आणि गंमत अशी, की गरज सरल्यावर या हवालदाराला शोधावा लागतो तो वैद्यच!

मंडळी, विषय थोडा रुक्ष आहे: निवृत्त पोलिसांचा आरोग्य विमा. स्मरणिकेत हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण गणपतीत, दिवाळीत, नवरात्रात आपण सगळे नटूनथटून बाहेर पडतो तेव्हा रस्त्याच्या कडेला काठी घेऊन जो उभा असतो, त्याच्याविषयीच हे लिहिणं आहे. त्याच्या घरी त्या दिवशी सण नसतो. तेव्हा आपल्या सणाच्या अंकात त्याला दोन-चार पानं द्यायला हरकत नसावी.

मी वकील नाही, डॉक्टर नाही, पोलीस तर नाहीच. आयटी कन्सल्टंट म्हणून काम करतो, आणि त्यातली बरीच वर्षं विमा कंपन्यांच्या क्लेम सिस्टिम्सवर गेली आहेत. त्यामुळे विमा आतून कसा चालतो हे थोडंफार ठाऊक आहे. आणि माझे थोरले मामा पोलीस खात्यात होते, त्यामुळे खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभं राहिल्यावर काय वाटतं, तेही जवळून पाहिलं आहे.

मामा शिपाई म्हणून भरती झाले आणि २००९ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात. माउलींची पालखी लोणंद-फलटणला आली की बंदोबस्त, निवडणूक आली की बंदोबस्त, मंत्री आले की बंदोबस्त, गणपती विसर्जनाला तर सलग दोन रात्री. नोकरी संपली तेव्हा त्यांच्याजवळ तीन गोष्टी होत्या: पेन्शन, रक्तातली साखर, आणि उभं राहून राहून पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा.

पेन्शन वेळेवर येते, त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. प्रश्न आला आजारपणाचा.

नोकरीत असताना महाराष्ट्र पोलिसांसाठी ‘महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना’ आहे. सरकारी यादीतले २७ आकस्मिक आजार आणि ५ गंभीर आजार यांवर ठरलेल्या हॉस्पिटलांत पैसे न भरता उपचार होतात. कितीतरी पोलीस कुटुंबांना तिचा आधार झाला आहे, तेव्हा तिचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण ती बांधलेली आहे सेवेतल्या माणसासाठी. शेवटच्या दिवशी हार, नारळ, शाल आणि चहापाणी होतं, साहेब दोन चांगले शब्द बोलतात, आणि दुसऱ्या दिवसापासून माणूस त्या छत्रीच्या बाहेर.

मामांनी मग एका खासगी विमा कंपनीकडे अर्ज केला. महिन्याभरात उत्तर आलं. मधुमेह आणि पायाच्या शिरांचा विकार हे ‘आधीपासूनचे आजार’ असल्यामुळे पॉलिसी देता येत नाही. मामांनी ते पत्र मला फोनवर वाचून दाखवलं आणि म्हणाले, “अरे, आधीपासूनचा म्हणजे कधीपासूनचा? मी भरती झालो तेव्हा छाती मोजून, पळवून, डॉक्टरकडून तपासून घेतला होता मला. मग हे आजार नोकरीतलेच की रे!”

मी तेव्हा त्यांना विम्याचं गणित समजावून सांगितलं. पेटलेल्या घराचा विमा कोण उतरवेल, वगैरे. गणित बरोबरच होतं. पण त्यांचा प्रश्न गणिताचा नव्हता, न्यायाचा होता. आणि तो मला अजून सोडवत नाही.

आता थोडं विम्याच्या पोटात शिरू या. आमच्या सिस्टिममध्ये प्रत्येक सभासदाच्या नोंदीत दोन तारखा असतात. कव्हर कधी सुरू झालं आणि कधी संपलं. दुसरी तारीख उलटली की संगणक तुम्हाला ओळखत नाही. त्यात दुष्टपणा काही नाही, तो नेमून दिलेलं काम करतो. विमा हा मुळात एक भिशीसारखा प्रकार आहे. पुष्कळ लोकांनी थोडं थोडं टाकायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून द्यायचं. तरुण माणूस टाकतो जास्त, काढतो कमी. म्हातारपणी उलटं होतं. तरुणपणी आपण जे टाकलं, ते म्हातारपणाच्या भरवशावर.

म्हणूनच अठ्ठावन्नाव्या वर्षी दोर कापणारी योजना मला विचित्र वाटते. पंचविशीतल्या शिपायाला हॉस्पिटल फारसं लागत नाही. चाळिशीत थोडं लागतं. खरी गरज सुरू होते साठीच्या आसपास, आणि नेमकं तेव्हाच त्याला सांगितलं जातं की आता तुम्ही बाजारात जाऊन नवीन गिऱ्हाईक म्हणून उभे राहा. भिशी उचलायची पाळी आली आणि नाव कापलं, असा हा प्रकार.

बरं, बाजारातले नियमही आता बदलले आहेत, हे सांगितलं पाहिजे. एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने नवीन पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा काढून टाकली, आणि आधीच्या आजारांसाठी थांबायला लावण्याचा काळ जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. राज्य सरकारने २०१४ साली निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी गट वैद्यकीय विमा आणला, त्याचा हप्ता मात्र निवृत्तांनी आपल्या खिशातून भरायचा. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही २०२३ च्या निर्णयाने सगळ्या नागरिकांसाठी ५ लाखांपर्यंत वाढवली गेली. म्हणजे अंधार आहे असं मुळीच नाही.

पण मामांचंच उदाहरण घ्या. निवृत्त झाले २००९ मध्ये, सत्तरीचं कार्ड मिळालं ते वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. मधली पंधरा वर्षं कुणाची? आज निवृत्त होणाऱ्यालाही अठ्ठावन्न ते सत्तर, म्हणजे बारा वर्षं वाट पाहायची आहे. आपल्याकडे बारा वर्षांना एक तप म्हणतात! आणि फुले योजना काय किंवा आयुष्मान काय, दोन्हींचा भर आहे हॉस्पिटलात भरती होण्यावर. निवृत्त पोलिसाचा खरा खर्च असतो दर महिन्याच्या गोळ्यांचा, तपासण्यांचा, डॉक्टरच्या फीचा. मधुमेह आणि रक्तदाब यांच्या गोळ्या कुठल्याच हॉस्पिटलात भरती होत नाहीत, त्या रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या डब्यातून निघतात.

२०१३ मध्ये मामांच्या हृदयाची अँजिओप्लास्टी झाली. ग्रॅच्युइटीतले उरलेले पैसे गेले, मामेभावाने कर्ज काढलं, आणि काही रक्कम मी इथून पाठवली. त्यात मोठेपणा काही नाही, ज्या मामांनी मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली त्यांच्यासाठी एवढं कुणीही करील. पण जन्मभर कुणापुढे हात न पसरलेल्या माणसाला भाच्याकडून पैसे घेताना काय वाटलं असेल, ते त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं. आणि दुसरा विचार असा, की ज्याचा भाचा आखातात नाही त्याचं काय? आपण परदेशातून पाठवलेल्या पैशांनी गावाकडची किती भोकं बुजवली जातात! बुजवली गेली की ती दिसेनाशी होतात, आणि दिसेनाशी झाली की ती मुळात पडली का, हे कुणी विचारत नाही.

म्हणून मुद्दा असा, की निवृत्त पोलिसाच्या उपचारांचा खर्च समाजाने उचलावा, तो कोणत्या नात्याने? मला तीन नाती दिसतात: दान, करार आणि ऋण.

दान म्हणजे आमच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही, म्हणून देतो. ते चांगलंच आहे, पण घेणाऱ्याची मान खाली जाते आणि देणाऱ्याचा मूड बदलला की ते थांबतं. करार म्हणजे जेवढं लिहिलंय तेवढं. पगार दिला, काम घेतलं, हिशेब मिटला. तिसरं नातं ऋणाचं. आपल्या परंपरेत माणूस जन्मतो तोच देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन, असं मानतात. ही ऋणं कुठल्या कागदावर सही करून घेतलेली नसतात. दुसऱ्याच्या कष्टांवर आपण उभे आहोत म्हणून ती लागतात.

पोलिसाच्या बाबतीत हे ऋण का लागतं, याची मला दोन कारणं दिसतात.

पहिलं कारण त्याच्या शरीराचं. २०१४ साली केंद्राच्या पोलीस संशोधन आणि विकास ब्युरोसाठी झालेल्या अभ्यासात दिसून आलं, की पोलीस ठाण्यातले जवळजवळ ९० टक्के कर्मचारी रोज आठ तासांपेक्षा जास्त काम करतात, आणि ७० टक्क्यांहून अधिक लोकांना महिन्यातून एकदाही हक्काची साप्ताहिक सुटी मिळत नाही. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तर त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली! आठ तास काम ही जिथे बातमी होते, तिथल्या माणसाची साखर आणि रक्तदाब आकाशातून पडलेले नसतात. कोविडच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, मुंबई पोलिसांतल्या पंचावन्न वर्षांवरच्या कर्मचाऱ्यांना घरी राहायला सांगण्यात आलं. योग्यच निर्णय होता. पण त्याचा अर्थ असा, की पंचावन्नाव्या वर्षी हे शरीर थकलेलं असतं हे व्यवस्थेला ठाऊक आहे. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी तेच शरीर एकदम त्या माणसाची खासगी बाब कशी होते? मामांचं म्हणणं हेच होतं. आजार ‘आधीपासूनचा’ आहे हे खरं, पण त्याच्याही आधीपासूनची आहे ती नोकरी.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याची चर्चा फार कमी होते. गिरणी कामगार संप करू शकत होता. शिक्षक मोर्चा काढतात, बँकेचे लोक काळ्या फिती लावतात, मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप केला. पोलिसाला हे करता येत नाही. राज्यघटनेच्या ३३व्या कलमाने सैन्य आणि पोलीस यांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि १९६६ साली पोलिसांच्या संघटनेच्या हक्कावर बंधनं घालणारा कायदा झाला. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या शिपायांनी आपल्या मागण्यांसाठी आंदोलन केलं, तेव्हा त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली गेली आणि शहर सांभाळायला सैन्य आणावं लागलं. आमच्या पिढीतल्या मुंबईकरांना त्या दिवसांच्या गोष्टी आईवडिलांकडून ऐकून माहीत असतील.

मी त्या बंधनाच्या विरोधात नाही. हातात शस्त्र असलेल्या माणसाने संप केला तर काय होतं, ते त्या वर्षी मुंबईने पाहिलं. पण समाज जेव्हा एखाद्याला सांगतो, “तू तुझ्यासाठी भांडायचं नाहीस,” तेव्हा त्याच्या वाटचं भांडण समाजाने आपल्या अंगावर घेतलेलं असतं. ज्याचं तोंड आपण बांधलं, त्याची भूक आपणच ओळखायला हवी. आणि निवृत्त झाल्यावर तोंड मोकळं होतं तेव्हा तो संख्येने विखुरलेला, वयाने थकलेला, आणि कुणाचंही काही अडवू न शकणारा असतो. त्याने बहिष्कार टाकला तर कुणाचं काय बिघडणार?

योगायोग पाहा, त्याच १९८२ सालच्या १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकरा खटल्यात निकाल दिला, की पेन्शन ही सरकारच्या मर्जीची खैरात नाही, पूर्वी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. आजही १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात. पुढे १९९५ मध्ये, अॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने सांगितलं की कामगाराच्या आरोग्याचा हक्क नोकरीसोबत संपत नाही, तो निवृत्तीनंतरही राहतो. पेन्शनबद्दल जे तत्त्व आपण मान्य केलं, तेच आरोग्याला लावायचं एवढंच बाकी आहे.

आता यावर आक्षेप येतील आणि ते आलेच पाहिजेत.

पहिला आक्षेप: पोलिसांचेच लाड का? एसटीचा ड्रायव्हर, सफाई कामगार, सरकारी दवाखान्यातली नर्स यांची शरीरं झिजत नाहीत का? झिजतात. गटारात उतरणाऱ्या माणसाचं ऋण तर पोलिसापेक्षाही मोठं म्हणावं लागेल. माझं उत्तर असं, की ज्याच्या कामाने शरीर झिजतं आणि ज्याला आवाज उठवायची सोय कमी, त्याचं देणं आधी. या कसोटीवर पोलीस बसतात आणि इतरही बसतात. एकाचं देणं मान्य केल्याने दुसऱ्याचं बुडत नाही, उलट त्याला दाखला मिळतो.

दुसरा आक्षेप जरा नाजूक आहे. पोलिसांबद्दल आपल्या सगळ्यांच्याच आठवणी गोड नाहीत. चौकीची पायरी चढताना भल्याभल्यांच्या छातीत धडधडतं. हप्ते, चिरीमिरी, अरेरावी हे शब्द आपण काही हवेतून आणलेले नाहीत. अशांना कशाला फुकट औषधं, असं कुणी म्हणेल. पण ज्याने चिरीमिरीतून बंगले बांधले, त्याला या योजनेची गरजच नाही! गरज आहे ती बंगला न बांधलेल्याला. शिवाय उपचार हे काही चारित्र्याचं बक्षीस नसतं. दोषी असेल त्याला कायद्याने शिक्षा व्हावी. पण साऱ्या दलाची गोळ्या-औषधं बंद ठेवणं ही शिक्षा सगळ्यात आधी प्रामाणिक माणसाला होते.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि तो खरा आहे. सुमारे दोन लाखांचं दल, त्यात दर वर्षी भर पडणारे निवृत्त. तिजोरीला तळ असतोच. पण मार्ग नाहीत असं नाही. माजी सैनिकांसाठी केंद्राने एप्रिल २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना सुरू केली. निवृत्त होताना एकदा वर्गणी भरायची आणि पुढे जन्मभर पॉलिक्लिनिकमधली औषधं आणि हॉस्पिटलांतले उपचार मिळवायचे. तिच्यातही रांगा आणि तक्रारी आहेत, पण दरवाजा उघडा आहे. केरळने जुलै २०२२ मध्ये सरकारी कर्मचारी आणि पेन्शनर यांची एकच भिशी केली. सुरुवातीला महिन्याला ५०० रुपये आणि ३ लाखांचं कव्हर. सेवेतला आणि निवृत्त एकाच यादीत असल्यामुळे ‘आधीपासूनचा आजार’ हा प्रश्न निघत नाही. नोकरीच्या पहिल्या पगारापासून थोडं कापा, पण साठीनंतर नाव कापू नका, एवढं साधं हे तत्त्व आहे.

परदेशातही हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात आला आहे. न्यूयॉर्कचा पोलीस अधिकारी जेम्स झाड्रोगा ११ सप्टेंबर २००१ नंतर ढिगाऱ्याच्या जागी काम करत होता, आणि २००६ मध्ये श्वसनाच्या आजाराने गेला. त्याच्या नावाचा कायदा अमेरिकेने २०१० मध्ये मंजूर केला आणि २०१५ मध्ये त्यातली आरोग्य योजना थेट २०९० सालापर्यंत वाढवली. आजार आज दिसला तरी त्याचं मूळ त्या दिवसाच्या ड्यूटीत आहे, हे त्यात मान्य झालं. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात सेवेतले आणि माजी पोलीस व त्यांचे कुटुंबीय यांच्या कल्याणाबद्दल सरकारने दर वर्षी संसदेला अहवाल द्यावा अशी तरतूद केली.

आणि आपलं काय? आपल्याकडे हा विचार नवा नाही. महाभारताच्या सभापर्वात नारद युधिष्ठिराला प्रश्नांमागून प्रश्न विचारतात, त्यात एक असा, की तुझ्यासाठी ज्यांनी प्राण दिले त्यांच्या बायकांचं भरणपोषण तू करतोस ना? कामावर मेलेल्यांच्या बायकामुलांना वेतन मिळावं असं कौटिल्याचं अर्थशास्त्र सांगतं. मराठेशाहीत पडलेल्या माणसाच्या मुलांसाठी ‘बालपरवेशी’ होती. पण एक गोष्ट लक्षात आली का? या साऱ्यांत नजर आहे ती मेलेल्यावर. आपण हुतात्म्याला ओळखतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी जे केलं त्याला तोड नाही, त्यांच्यापुढे मान झुकलीच पाहिजे. पण त्याच रात्री आणखी किती तरी पोलीस रस्त्यावर होते, ते जिवंत घरी परतले. त्यांतले बरेच आज निवृत्त आहेत, कुणाला साखर आहे, कुणाचे गुडघे गेले आहेत. जो मेला त्याचं स्मारक होतं. जो वाचला त्याला फॉर्म भरावा लागतो. हुतात्म्याचं ऋण एका दिवसात डोळ्यांसमोर येतं, जिवंत माणसाचं ऋण तीस वर्षं हप्त्याहप्त्याने फेडायचं असतं, म्हणून ते आपल्याला जड वाटतं.

कुणी म्हणेल, तुम्ही अबू धाबीत बसून या गोष्टी सांगता, तुमचा काय संबंध? संबंध दोन प्रकारे आहे. एक तर आपण ज्या शाळा-कॉलेजांत निर्धास्त गेलो, ज्या रात्री आपल्या आया-बहिणी गणपती बघून चालत घरी आल्या, त्या निर्धास्तपणाची किंमत कुणीतरी उभं राहून मोजत होतं. देश सोडला म्हणून ते ऋण कस्टममध्ये राहत नाही, ते सामानाबरोबर येतं.

दुसरा संबंध आपल्या स्वतःच्या भवितव्याचा. आम्ही अल रीम आयलंडवर राहतो. पलीकडे अल मारिया आयलंडवर क्लीव्हलँड क्लिनिकची इमारत उभी आहे, रात्री तिचे दिवे दिसतात. २००५ च्या कायद्याने अबू धाबीत प्रत्येक रहिवाशाला आरोग्य विमा सक्तीचा झाला, त्यामुळे साध्या सर्दीलाही आपण कार्ड पुढे करतो. पण हे कार्ड नोकरीला आणि व्हिसाला जोडलेलं आहे. इथल्या नागरिकांची गोष्ट वेगळी, त्यांचं कव्हर नोकरीवर अवलंबून नाही. आपलं आहे. आपल्याला इथे पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी मिळते, आणि साठीच्या आसपास आपण सामान बांधून पुण्याला, नाशिकला, कोल्हापूरला परततो. तेव्हा आपणही विमा कंपनीच्या दारात ‘आधीपासूनचे आजार’ घेऊन उभे राहणार! इथल्या विमा कंपन्यांनी आपली तारुण्यातली वर्षं पाहिली, म्हातारपण पाहणार नाहीत. आपल्या नोंदीतही ती दुसरी तारीख आहेच, फक्त अजून भरलेली नाही.

अर्थात आपण आणि हवालदार यांत फरक आहे. आपण डोळे उघडे ठेवून आलो, दिरहम मोजून घेतले, बचत करू शकलो, आणि बाजारात जायची ऐपत आपल्याजवळ आहे. आपल्यासाठी हा नियोजनाचा प्रश्न आहे, त्याच्यासाठी न्यायाचा. अमेरिकेत एमएस करताना एक विषय बाहेरच्या विभागाचा घ्यायचा होता, मी तत्त्वज्ञानाचा घेतला. त्यात जॉन रॉल्स यांच्या १९७१ सालच्या न्यायावरच्या ग्रंथातली एक कल्पना होती. समाजाचे नियम ठरवताना असं समजा, की त्या समाजात आपण कोण असणार हे आपल्याला माहीत नाही. मग जो नियम निवडाल तो न्याय्य. तेव्हा ती परीक्षेपुरती पाठ केली होती. आता ती अशी समोर येते: विसर्जनाच्या रात्री आपण मिरवणुकीत नाचणारे असू की दोरीच्या बाजूला उभे राहणारे, हे माहीत नसतं, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी दोर कापायचा नियम आपण मान्य केला असता का? मला नाही वाटत.

असो. नुसतं तत्त्वज्ञान सांगून थांबणं बरं नाही, तेव्हा आपल्याला करता येण्यासारख्या चार गोष्टी.

तुमच्या नात्यात कुणी पोलीस निवृत्तीला आले असतील तर त्यांना शेवटच्या वर्षाआधीच पॉलिसी घ्यायला सांगा, म्हणजे थांबण्याचा काही काळ तरी नोकरीतल्या योजनेच्या आधाराने निघून जाईल. सत्तरी झालेल्यांचं आयुष्मान कार्ड काढलं आहे का, हे पुढच्या फोनवर विचारा. आधार आणि मोबाइल लागतो, आणि तिथेच पुष्कळ ज्येष्ठ अडतात. सुटीत गेलात तर अर्धा दिवस त्यासाठी काढा. नोकरीतले वैद्यकीय कागद, ड्यूटीत झालेल्या दुखापतींच्या नोंदी एका फाईलमध्ये लावून द्या. आणि चौथं, मंडळात इतके डॉक्टर, विमावाले, संगणकवाले आहेत, निवृत्त पोलिसांना अर्ज आणि अपिलं भरायला फोनवरून मदत करायची ठरवली तर महिन्यातून दोन तास पुरेत. मी माझे दोन तास द्यायला तयार आहे.

हे सगळं केलं तरी ते आपलं वैयक्तिक देणं फेडणं झालं. खरं उत्तर सरकारने आणि समाजाने मिळून द्यायचं आहे, सेवेतला आणि निवृत्त यांची एकच यादी करून. महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ आहे. सज्जनांचं रक्षण करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचं म्हातारपणी रक्षण कुणी करायचं, याचं उत्तर त्या ब्रीदात नाही. ते आपण सज्जनांनीच लिहायचं आहे.

तुम्हाला काय वाटतं? मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी भेटा, बोलू.